कोकमाचं पार्सल: आमसुलाला पैकीच्या पैकी, पत्रकाला भोपळा

सावंतवाडीकडून मागवलेल्या कोकमाच्या पार्सलमधल्या आमसुलापासून सुरुवात करते. बाकीचं कितीही झकास निघालं आणि आमसूल फसलं, तर ते पार्सल माझ्या लेखी नापास.

अर्ध्या किलोची पिशवी, 340 रुपये. फोडल्याबरोबर आंबूस-खारट वास आला, ताज्या मालाला असतो तसा थोडा ओलसर. पाकळ्या काळपट जांभळ्या, उजेडात धरल्या तर कडेला लाली. वाकवल्या की वाकतात, कडकन मोडत नाहीत. वर्षभर पडून राहिलेलं आमसूल ठार काळं पडतं, कडक होतं, आणि दुकानदार वर मिठाच्या पाण्याचा हात फिरवून तेच नवं म्हणून विकतात. डोंबिवलीत मी असं बऱ्याचदा घेतलेलं आहे.

काही पाकळ्यांवर पांढरी खर होती. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, बुरशी आलीय, टाकून द्या. मी शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेली बाई. असं कुणी म्हटलं की हात शिवशिवतात. वाटीत कोमट पाणी घेतलं, पाकळी बुचकळली. पांढरं होतं ते बघता बघता विरघळलं. तंतू नाहीत, तवंग नाही. मीठच ते. बुरशी अशी विरघळत नाही आणि तिला कोंदट वास असतो, तो नाकाला आधीच कळतो.

मीठ असणारच. रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, फोडायचा, बिया आणि गर बाजूला काढायचा, सालं उन्हात टाकायची. गराच्या रसात मीठ घालायचं, वाळलेली सालं त्यात बुडवायची आणि पुन्हा उन्हात. हे झालं एक पुट. अशी चार-पाच पुटं बसली की आमसूल. घाईच्या मालाला एक-दोन पुटांत उरकतात. मग दिसायला ते आमसूल असतं, पण मूठभर टाकलं तरी आमटी आपली गोडीच राहते. या मालाची तीन आमसुलं बांगड्याच्या तिरफळ घातलेल्या कालवणाला पुरली. चौथं घातलं असतं तर जास्त झालं असतं. आमचे हे फलटणचे; त्यांच्या मते आमटी म्हणजे चिंच-गूळ आणि बाकी सगळे कोकणातले लाड. त्यांनी त्या दिवशी भात दुसऱ्यांदा घेतला, आणि त्यावर मी काही बोलले नाही.

आमसुलाला दहापैकी दहा.

विक्रेत्यांचं नाव देत नाही. सावंतवाडी तालुक्यातल्या एका वाडीत सासू, दोन सुना आणि शेजारच्या बायका मिळून हा माल करतात. हंगामात होईल तेवढाच. काकींनी (म्हणजे सासूबाईंनी) फोनवर स्वच्छ सांगितलं, नाव कुठे टाकू नका, मग लोक गणपतीच्या तोंडावर फोन करतात आणि माल संपला म्हटलं की भांडतात. शिवाय पुढे मी त्यांना चार शब्द सुनावणारही आहे, तेव्हा नाव नसलेलंच बरं. लेबलवर भौगोलिक मानांकनाचं चिन्ह नाही, नुसतं ‘सिंधुदुर्गातले रातांबे’ एवढंच छापलंय. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला मानांकन मिळालेलं आहे, पण चिन्ह वापरायचं तर उत्पादकाला स्वतःची नोंदणी करावी लागते. ती केलेली नाही म्हणून चिन्ह लावलं नाही, हे मला आवडलं.

आता आगळ, म्हणजे रातांब्याचा मीठ घातलेला रस. लिटरची बाटली 280 रुपये. रंग इतका गर्द की बाटलीतून पलीकडचं दिसत नाही. इथे मी माझा जुना उद्योग केला, आणि तो कुणालाही घरी करता येतो. पेलाभर पाण्यात चमचाभर आगळ घ्यायचं आणि चिमूट चिमूट खाण्याचा सोडा टाकत जायचं. फसफसतं, घाबरू नये. कोकमाचा रंग अँथोसायनिन नावाच्या नैसर्गिक रंगद्रव्याचा; आम्लात लाल, आम्ल मेलं की बदलतो. माझ्या पेल्यात लाल गेलं, जांभळट झालं, आणखी सोडा पडल्यावर मळकट निळसर-हिरवं. बघवत नाही असा रंग, पण खऱ्या कोकमाचा दाखला तोच. शेजारी दुसऱ्या पेल्यात बाजारातल्या एका ‘कोकम सरबता’च्या बाटलीतलं घेतलं होतं. ते फसफसलं आणि लालच्या लाल राहिलं. त्या बाटलीच्या मागे मुंगीच्या अक्षरांत कृत्रिम रंग 122 असं लिहिलेलंच होतं, म्हणजे कायद्याने त्यांची काही चूक नाही. आपण पुढचं चित्र बघतो आणि मागचं वाचत नाही, एवढंच.

या आगळाची सोलकढी उत्तम झाली. फुटी कढी त्याहून उत्तम: पाणी, आगळ, वरून हिंग-जिऱ्याची फोडणी, ठेचलेली मिरची, कोथिंबीर, नारळाचा पत्ताच नाही. जेवणानंतर वाटीभर प्यायली की पोट हलकं वाटतं, हा आमच्या घराण्याचा पिढ्यांचा अनुभव. जुन्या ग्रंथांतही कोकम आहे. आयुर्वेदात त्याला वृक्षाम्ल म्हणतात, आणि चरकसंहितेच्या सूत्रस्थानात हृदयाला हितकर म्हणून जी दहा द्रव्यं सांगितली आहेत त्यांत ते आंबा, अंबाडा, करवंद, बोर, डाळिंब, महाळुंग अशा आंबट मंडळींच्या पंगतीला बसलेलं आहे. पार्सलबरोबर आलेल्या काकींच्या पत्रकात हे छापलंय आणि ते खरं आहे. पण त्याच पत्रकात पुढे ‘रक्तदाबावर रोज दोन पेले आगळ’ असं लिहिलंय, तिथे मी थांबले. आगळ टिकतं ते मिठावर. लिटरमागे मुठी-मुठीने मीठ असतं त्यात. आमच्या ह्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यांना रोज दोन पेले हे पाजलं तर डॉक्टर मला विचारतील, बाई, तुम्ही शाळेत नक्की काय शिकवायला मदत करत होता? रक्तदाब असेल त्याने बिनमिठाचं सुकं कोकम रात्री भिजवून त्याचं पाणी घ्यावं. तेही चवीसाठी, गोळी सोडून नव्हे.

आगळाला नऊ. एक गुण मिठाचं प्रमाण लेबलवर न लिहिल्याबद्दल कापला.

सरबताची बाटली (190) ठीक. साखर जास्त. रातांब्याच्या अर्ध्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवतात ती जुनी पद्धत इथे वापरलेली दिसते, कारण तळाशी सालीचे तुकडे होते आणि सोड्याच्या परीक्षेत ते पास झालं. वेलदोडा घातला नसता तर सात दिले असते. सहा.

मुठेल मात्र सविस्तर सांगण्यासारखं आहे.

हल्लीच्या मुलींना कोकम बटर म्हटलं की कळतं, मुठेल म्हटलं की कळत नाही. रातांब्याच्या बिया वाळवतात, फोडून आतला गर कुटतात, पाण्यात उकळतात, वर येणारं तेल काढून घेतात आणि थिजत आलं की हाताने वळून गोळे करतात. काकींनी पाठवलेला गोळा 100 ग्रॅमचा, पिवळट पांढरा, त्यावर बोटांचे ठसे तसेच उमटलेले. 180 रुपये. ऑनलाइन मोठ्या कंपन्यांच्या कोकम बटरच्या इवल्या डब्या याच्या दुप्पट-तिप्पट भावात मिळतात, त्यात सुगंध घातलेला असतो आणि डबी बघून आपण भुलतो.

खरं मुठेल कसं ओळखायचं? ते साधारण 38 ते 42 अंशांना वितळतं, आणि आपल्या हाताची कातडी त्याहून थंड असते. म्हणून तुकडा तळहातावर ठेवला तर नुसता ठेवून पाणी होत नाही, घासावा लागतो. कमी उष्णतेला वितळणाऱ्या स्निग्धाची भेसळ असेल तर लवकर चिकट होतं. माझा तुकडा तळहातावर बराच वेळ ऐटीत बसून राहिला. मे महिन्यातल्या आमच्या स्वयंपाकघरातही गोळा मऊ पडला नाही. या गुणामुळेच त्याला चॉकलेटवाल्यांत मान आहे: युरोपीय संघाने 2000 साली चॉकलेटचे जे नियम केले, त्यांत कोको बटरच्या जोडीला पाच टक्क्यांपर्यंत वापरायची परवानगी फक्त सहा वनस्पती-स्निग्धांना दिली, आणि त्यांत पाम, साल, शिया, आंब्याची कोय यांच्याबरोबर आपलं कोकमही आहे. ज्या बिया कोकणात कित्येक जण उकिरड्यावर टाकतात, त्यांची ही पत.

माझा उपयोग साधा. टाचांना भेगा. रात्री चमच्यात तुकडा कोमट करायचा, भेगांत भरायचा, वर जुने मोजे. सलग लावलं तर भेगा मऊ पडतात आणि दुखायचं थांबतं; खोल, रक्त येणाऱ्या भेगांना वेळ लागतो. ओठांना, कोरड्या कोपरांना तेच. माझ्या आईकडे मुरडा झाला की गरम मऊ भातात सुपारीएवढं मुठेल घालून द्यायचे, पोटातली आग शमते म्हणायचे. मी ते खाल्लेलं आहे आणि चव आठवत नाही, म्हणजे वाईट नसावी. आता नातवाला जुलाब झाले तर मी त्याला क्षारसंजीवनीच देईन. मुठेलाला साडेनऊ, अर्धा गुण कापला, कारण गोळा वर्तमानपत्रात गुंडाळून आला होता आणि शाई लागली होती. खायच्या वस्तूला वर्तमानपत्र नको, हे काकींनाही कळवलंय.

औषधाचा विषय निघालाच आहे तर अंगावर पित्त उठण्याचं सांगते. कोकणात याला दुसरा उपायच नाही: आमसूल पाण्यात कोळायचं आणि ते पाणी गांध्यांवर चोळायचं, थोडं पोटातही घ्यायचं. मला पित्ताचा त्रास लहानपणापासून. लावल्यावर गारवा येतो, खाज उतरते, गांधी हळूहळू बसतात. या पार्सलमधल्या आमसुलावरही तो प्रयोग झाला, कारण मध्यंतरी कोळंबी बाधली. उपयोग झाला. पण ओठ किंवा जीभ सुजायला लागली, श्वासाला अडथळा वाटला, तर आमसूल कोळत बसू नये, रिक्षा बोलवावी. पत्रकात हे एक वाक्य असायला हवं होतं. नाही.

आणि आता पत्रक, आणि त्याच्याबरोबर आलेली कॅप्सूलची बाटली.

संपूर्ण संच मागवला म्हणून ही बाटली आली. 60 कॅप्सूल, 450 रुपये, पार्सलमधली सगळ्यात महाग वस्तू. आत प्रत्येकी 500 मिलिग्रॅम, म्हणजे सगळं मिळून 30 ग्रॅम भुकटी. तेवढ्याच पैशांत काकींचंच आमसूल साडेसहाशे ग्रॅमच्या वर येतं. कॅप्सूल त्या घरी होत नाहीत. बाहेरच्या कुणीतरी भरून, लेबल चिकटवून दिल्यात. लेबलवर नुसतं ‘गार्सिनिया’, पुढचं नाव गाळलेलं. आणि चित्र? चित्रातलं फळ पिवळं-हिरवं, फाका पडलेल्या लहान भोपळ्यासारखं. तो रातांबा नव्हेच! ती मलबारी चिंच, केरळात माशात घालतात ती कोडमपुळी. कोकमाची भावकी, पण झाड वेगळं. सिंधुदुर्गातल्या बायकांच्या मालावर केरळच्या फळाचं चित्र, आणि खाली ‘महिन्यात पाच किलो वजन कमी’.

या वजनाच्या गोष्टीमागे हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल नावाचा पदार्थ आहे. तो दोन्ही फळांच्या सालीत असतो, हे खरं. उंदरांवर त्याचा परिणाम दिसला, हेही खरं. पण 1998 साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक चाचणी छापून आली: 135 जण, 12 आठवडे, निम्म्यांना मलबारी चिंचेचा अर्क आणि निम्म्यांना रिकाम्या गोळ्या. वजन उतरण्यात अर्कवाल्यांची सरशी झाली नाही. त्यानंतर अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही झाल्या आहेत. कालवणात तीन आमसुलं घालणं वेगळं आणि अर्काच्या गोळ्या दिवसाला चार-सहा गिळणं वेगळं. पत्रकात त्यापुढे मधुमेह आणि कर्करोगसुद्धा ‘मुळापासून’ बरे केलेत. कोकमातल्या गार्सिनॉल नावाच्या घटकावर काम चाललंय, पण ते बहुतेक काचेच्या बशीतल्या पेशींवर आणि प्राण्यांवर. माणसाच्या कर्करोगाला बरं करतो असं म्हणायला तेवढ्याने होत नाही, आणि आपल्याकडे 1954 पासून औषधे व चमत्कारिक उपायांचा कायदा आहे, त्यात कर्करोग, मधुमेह, लठ्ठपणा बरा करण्याच्या जाहिरातींना मनाई आहे. काकींना मी फोन करून हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पत्रक त्या कॅप्सूलवाल्यानेच फुकट छापून दिलं, आम्ही वाचलंच नाही. फुकट ते पौष्टिक, दुसरं काय. कॅप्सूलला शून्य, पत्रकालाही शून्य. चरकाची ओळ बरोबर होती म्हणून गुण देणार नाही. कॉपी केलेल्या उत्तराला आमच्या शाळेत गुण नव्हते.

मला याचा राग येतो त्याला आणखी एक कारण आहे. कोकमाचं झाड म्हणजे गार्सिनिया इंडिका, सह्याद्रीच्या पट्ट्याबाहेर आपणहून वाढणारं नव्हे. कोकण, गोवा, उत्तर कन्नड, खाली केरळपर्यंत. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ते ‘असुरक्षित’ गटात आहे. घरोघरच्या फडताळात आमसूल आहे म्हणून झाडही मुबलक असेल, असं आपण धरून चालतो. ते आहे परसात, बांधावर, देवराईत, ओढ्याकाठी. आंब्या-काजूसारखं रांगेत लावलेलं थोडं. त्यामुळे जमीन विकली गेली, रस्ता रुंद झाला, दोडामार्गाकडे रबर लावायला डोंगर साफ केला, की कोकम कुणाच्या हिशेबात न येता जातं. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेची किती जुनी झाडं आडवी झाली, ते त्या रस्त्याने गणपतीला जाणाऱ्या सगळ्यांनी पाहिलंय.

त्यात या झाडाची एक अडचण अशी की नर वेगळा, मादी वेगळी. बी रुजवून आलेलं रोप नर की मादी, हे फुलायला लागेपर्यंत कळत नाही, आणि त्याला सहा-सात वर्षं लागतात. साधारण निम्मी नर निघतात. एवढी वर्षं पाणी घातलं आणि फळ धरत नाही म्हटल्यावर माणूस कोयता काढतो. मी काकींना विचारलं, तुमच्याकडे नर आहेत का ठेवलेले? त्या हसल्या. म्हणाल्या, “सगळे सांगतत, नराक फळ नाय, तोड आणि सरपणाक घाल. पण तो नाय तर मादीक रातांबे खंयसून लागतले?” त्यांच्या परड्यात दोन नर आहेत. ते मी गुणांत धरलेत.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने यावर मृदकाष्ठ कलमाचा, म्हणजे कोवळ्या रोपावर कलम बांधण्याचा, उपाय दिला. मादी झाडाच्या फांदीचं कलम केलं की वाट बघायला नको, फळ लवकर. कोकण अमृता ही त्यांची जात 1997 ची, कोकण हातिस 2006 ची. कलमं लावावीतच. पण जिकडे तिकडे त्याच दोन जाती आणि जंगलातली बियांची झाडं तुटलेली, असं झालं तर तऱ्हेतऱ्हेची कोकमं, म्हणजे जाड सालीची, पातळ सालीची, पांढरी, जूनच्या पावसाआधी पिकणारी, ही जातील. काकींचा माल बांधावरच्या जुन्या झाडांचा आहे, म्हणून प्रत्येक पाकळीचा रंग निराळा. मला दुकानातल्या एकसारख्या आमसुलापेक्षा हेच भरवशाचं वाटतं.

फळं काढतात आकडीने. काही ठिकाणी फांद्याच छाटून खाली पाडतात, ते सोपं पडतं आणि पुढच्या वर्षी झाड हात आखडतं. पावसाचं तर विचारूच नका. 2025 ला मुंबईत मॉन्सून 26 मे लाच येऊन धडकला, कोकणात त्याच सुमारास, म्हणजे ऐन रातांब्यांच्या दिवसांत. फळं गळून कुजली आणि काढलेल्यांना पुटं द्यायला ऊन नाही. काकींनी चुलीवरच्या माळ्यावर सालं वाळवली. त्या सालच्या मालाला धुराचा वास होता, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. किलोला 680 भाव ऐकून आमच्या इमारतीत नाकं मुरडली गेली. ज्यांना महाग वाटतो त्यांनी एकदा रातांबे फोडून बघावेत. जांभळे झालेले हात आठवडाभर तसेच राहतात.

पॅकिंगबद्दल एवढंच: आगळ प्लास्टिकच्या बाटलीत आलं, आणि इतक्या आंबट-खारट द्रवाला काच हवी. झाकण घट्ट होतं, गळती नाही. कुरिअरचे 140. मागणी नोंदवायची ती एप्रिलच्या आत, आणि पुढे पाऊस काय करतो त्यावर माल कमी-जास्त होणार हे धरून. ‘पूर्ण संच’ मागू नका, सुटं मागवा, म्हणजे कॅप्सूल येत नाहीत. पूर्ण संच कुरिअर धरून 1580 ला पडला. मी पुढच्या वेळी किलोभर आमसूल, दोन गोळे मुठेल आणि लिटर आगळ मागवणार आहे; तेच कुरिअर धरून 1460 होतात. उरलेले 120 काचेच्या बाटलीचे घ्या, असं काकींना सांगून ठेवलंय.